वाचनालयातील जुना चित्रपट : दाखवण्याची आणि त्यावर बोलण्याची रीत

मराठी आणि हिंदी चित्रपटसृष्टीतील कितीतरी जुने चित्रपट आज मोबाइलवर हव्या त्या वेळी आणि पुष्कळदा विनामूल्य पाहता येतात. तरीही घरी ते क्वचितच शेवटपर्यंत पाहिले जातात. दहा-पंधरा मिनिटांत कुणीतरी फोनवर बोलायला उठते, ‘फार संथ आहे’ असा शेरा मारला जातो आणि चित्रपट अर्धवट राहतो. तोच चित्रपट एखाद्या वाचनालयाच्या सभागृहात नीट दाखवला, तर त्याच गावातील माणसे अडीच तास एका जागी बसून तो पाहतात आणि नंतर त्यावर बोलण्यासाठी थांबतातही. चित्रपट तोच आणि प्रेक्षकही जवळपास तेच असताना हा फरक कशामुळे पडतो, याचे उत्तर चित्रपटात नसून तो पाहण्याच्या परिस्थितीत आहे. ही परिस्थिती आपोआप निर्माण होत नसली, तरी काही साध्या तत्त्वांच्या आधारे कोणत्याही वाचनालयाला ती घडवता येते.

‘संथ’ वाटण्याचे कारण

कॅमेरा एकदा सुरू होऊन थांबेपर्यंत टिपले गेलेले सलग दृश्य म्हणजे ‘शॉट’. आजच्या चित्रपटांत शॉट बहुधा काही सेकंदांतच बदलतो आणि प्रेक्षकाने कुठे पाहावे हे संकलक ठरवतो. १९३० आणि १९४० च्या दशकांतील अनेक चित्रपटांत मात्र शॉट बराच वेळ टिकतो आणि एकाच चौकटीत तीन-चार माणसे, त्यांच्यामागचे दार, भिंतीवरची तसबीर, कोपऱ्यातील दिवा असा सगळा संसार मांडलेला असतो. त्यातील काय पाहायचे, हे काही अंशी प्रेक्षकाच्या डोळ्यांवर सोपवलेले असते. हातातल्या पडद्यावर हे तपशील इतके बारीक होतात की ते दिसतच नाहीत. पाहण्याजोगे काही उरत नाही, मात्र वेळ तेवढाच लागतो, आणि त्या रिकाम्या वेळालाच ‘संथपणा’ हे नाव मिळते. दोन-अडीच मीटर रुंदीच्या पडद्यावर तीच चौकट भरलेली दिसते आणि डोळा एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्याकडे फिरू लागतो. चित्रपट थांबवण्याचे बटण प्रेक्षकाच्या हाती नसणे आणि शेजारी बसलेल्या माणसाचे हसणे किंवा स्तब्ध होणे जाणवत राहणे, या दोन गोष्टींची त्याला जोड मिळाली की लक्ष टिकते.

चित्रपट मंडळांचा वारसा

चित्रपट पाहून त्यावर गांभीर्याने चर्चा करण्याची प्रथा भारतात नवी नाही. सभासदांच्या वर्गणीतून निवडक चित्रपट दाखवणाऱ्या आणि त्यांवर चर्चा घडवणाऱ्या संस्थेस ‘फिल्म सोसायटी’ किंवा चित्रपट मंडळ म्हणतात. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनी १९४७ मध्ये कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये देशातील अशा संस्थांचा महासंघ उभा राहिला. मुंबईत १९६८ मध्ये ‘प्रभात चित्र मंडळ’ सुरू झाले. पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुने चित्रपट शोधून त्यांचे जतन करण्याचे काम हाती घेतले आणि पुढे त्याचे संचालक झालेले पी. के. नायर यांनी त्यासाठी आयुष्य वेचले.

महाराष्ट्रातील वाचनालयांची परंपरा याहून कितीतरी जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे लहान गावांतील वाचनालयांनाही शासनमान्यतेची आणि अनुदानाची वाट मिळाली. चित्रपट मंडळ उभारताना जागा, सभासद, व्याख्यानमालेचा अनुभव आणि नियमितपणा या चार गोष्टी जमवण्यात बरीच शक्ती खर्ची पडते. चालत्या वाचनालयाकडे त्या आधीपासूनच असतात.

निवड : कपाटाशी नाते असलेला चित्रपट

निवडीचा प्रश्न आला की कार्यकारी मंडळात पहिली सूचना येते ती ‘गाजलेला’ चित्रपट आणण्याची. परंतु वाचनालयापाशी याहून नेमका निकष आहे, आणि तो म्हणजे ज्या चित्रपटाचे नाते कपाटातील एखाद्या पुस्तकाशी आहे तो आधी घेणे. मराठी चित्रपटांत अशी उदाहरणे भरपूर सापडतात. व्ही. शांताराम यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी दिग्दर्शित केलेला ‘कुंकू’ (१९३७) नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’मागे (१९५३) साने गुरुजींचे पुस्तक आहे. डॉ. जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मागे (१९७७) गो. नी. दांडेकरांची, ‘सिंहासन’मागे अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या दोन, तर ‘उंबरठा’मागे शांता निसळ यांची ‘बेघर’ ही कादंबरी आहे.

अशा जोडीचा लाभ दुहेरी असतो. ज्यांनी पुस्तक वाचले आहे ते चित्रपटात काय गाळले आणि काय वाढवले हे लगेच ओळखतात, तर ज्यांनी वाचलेले नाही त्यांना चित्रपट पुस्तकापर्यंत आणतो. सुटा चित्रपट दाखवण्यापेक्षा एका सूत्रात बांधलेली चार ते सहा चित्रपटांची मालिका अधिक फलदायी ठरते, कारण दुसऱ्या चित्रपटापासून प्रेक्षक पहिल्याशी तुलना करू लागतो आणि तुलनेतून पाहण्याची नजर तयार होते. ‘कुंकू’ आणि ‘उंबरठा’ यांच्यामध्ये सुमारे ४५ वर्षांचे अंतर आहे. घरात कोंडमारा होणाऱ्या स्त्रीचा निर्णय दोन काळांत कसा मांडला गेला, ते हे दोन चित्रपट लागोपाठच्या महिन्यांत पाहिले तर फारसे न सांगता उलगडते.

हक्कांचा हिशेब

चित्रपटाची डीव्हीडी विकत घेतली किंवा एखाद्या ओटीटी सेवेची वर्गणी भरली, की तो चित्रपट सभागृहात दाखवण्याचाही अधिकार मिळतो, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. घेतलेला हक्क खासगी पाहण्यापुरता असतो. चित्रपट लोकांसमोर दाखवण्याचा अधिकार १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्कधारकाकडे राहतो, आणि तिकीट लावले नाही म्हणून त्यात फरक पडत नाही. हौशी मंडळांना विनामूल्य प्रयोगासाठी जी सवलत कायद्यात आहे, ती साहित्य, नाट्य आणि संगीत यांच्या सादरीकरणापुरती आहे. तिच्यात चित्रपटाचा उल्लेख नाही. शैक्षणिक संस्थांना विद्यार्थी, शिक्षक आणि पालक अशा मर्यादित प्रेक्षकांपुरती मिळणारी सवलतही सार्वजनिक वाचनालयाला आपोआप लागू होत नाही.

मुदतीचा हिशेब मात्र सोपा आहे. चित्रपट प्रकाशित झाल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे त्यावर स्वामित्वहक्क असतो. ‘कुंकू’ १९३७ चा असल्यामुळे, पूर्ण ६० वर्षे धरली तरी, त्याची मुदत १९९७ अखेर संपली. ‘जैत रे जैत’ १९७७ चा असल्यामुळे त्याची मुदत २०३७ अखेरपर्यंत चालेल आणि तो दाखवण्यासाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागेल. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. चित्रपटाची मुदत संपली म्हणजे त्यामागच्या कादंबरीची किंवा गीतांची मुदत संपतेच असे नाही, कारण लेखनाचा हक्क लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. शिवाय नव्याने दुरुस्त केलेल्या प्रतीबाबत तिच्या मालकाच्या अटी असू शकतात. म्हणून जुन्या चित्रपटाच्या बाबतीतही प्रत ज्या संस्थेकडून मिळते तिच्याकडून तिच्या वापराविषयी लेखी खुलासा घेऊन तो फाइलला लावणे हिताचे ठरते. त्याबरोबरच सेन्सॉर प्रमाणपत्राची वर्गवारी पाहून मुलांना प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवावे आणि सभागृहात चित्रपट दाखवण्यासाठी स्थानिक परवाना लागतो का, याची चौकशी आधीच करावी.

प्रकाश : काळा रंग कुठून येतो

प्रोजेक्टर पडद्यावर पांढरा, तांबडा, निळा असा कोणताही प्रकाश टाकू शकतो. काळा मात्र टाकू शकत नाही, कारण काळे म्हणजे प्रकाशाचा अभाव. चित्रातील जो भाग काळा दिसायला हवा तिथे प्रोजेक्टर जवळपास काहीच टाकत नाही, आणि त्या जागी खोलीत जेवढा उजेड असेल तेवढाच पडद्यावरून परततो. खिडकीची एक फट उघडी राहिली, तरी काळ्याचा करडा होतो. रंगीत चित्रपट एवढे सोसू शकतो, पण कृष्णधवल चित्रपटाचे सारे सौंदर्य काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांत असते आणि त्यांतील गडद छटाच प्रथम पुसल्या जातात. म्हणून वाचनालयाने मर्यादित पैसे आधी जाड, गडद पडद्यांवर खर्च करावेत आणि मगच मोठ्या प्रोजेक्टरचा विचार करावा.

दुसरा मुद्दा चित्राच्या आकाराचा. प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ‘ल्युमेन’ या एककात मोजतात, आणि तो ज्या क्षेत्रफळावर पसरतो त्याने त्याला भागले की पडद्यावरचा उजेड मिळतो. ३,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर २ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच, म्हणजे ३ चौरस मीटरच्या चित्रावर दर चौरस मीटरला १,००० ल्युमेन देतो. चित्र ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच केले तर क्षेत्रफळ १२ चौरस मीटर होते आणि उजेड २५० वर येतो. रुंदी दुप्पट केल्याने उजेड चौथाई होतो, हे लक्षात न घेता संपूर्ण भिंत भरण्याचा मोह धरला, तर हाती फिकट चित्र येते.

चौकट आणि गती

जुन्या चित्रपटाची चौकट साधारण ४ : ३ या प्रमाणाची, म्हणजे चौरसाच्या जवळ जाणारी असते, आजचे बहुतेक प्रोजेक्टर आणि टीव्ही १६ : ९ या रुंद प्रमाणाचे असतात. जुने चित्र ताणून रुंद पडदा भरला, तर प्रत्येक चेहरा एक-तृतीयांशाने फुगतो. वरून-खालून कापून भरला, तर चित्राचा चौथा हिस्सा जातो आणि त्याबरोबर कपाळ, पाय, छताचे वासे असे दिग्दर्शकाने जाणीवपूर्वक ठेवलेले भागही जातात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडणे हाच योग्य मार्ग होय. प्रेक्षकांना त्या पट्ट्या म्हणजे दोष वाटू नयेत, यासाठी त्यांचे कारण आरंभी एका वाक्यात सांगावे.

मूकपटांतील माणसे तुरुतुरु धावताना का दिसतात, याचेही उत्तर यंत्रातच आहे. बोलपटांसाठी सेकंदाला २४ चित्रे हा वेग ठरला. मूकपट मात्र पुष्कळदा सेकंदाला १६ ते १८ चित्रे या वेगाने टिपले जात. १६ च्या वेगाने टिपलेली फिल्म २४ च्या वेगाने चालवली की प्रत्येक हालचाल दीडपट जलद होते आणि ६० मिनिटांचा चित्रपट ४० मिनिटांत संपतो. त्या काळचा अभिनय हास्यास्पद होता, असा निष्कर्ष अनेकदा या चुकीच्या वेगावरून काढला जातो; म्हणून मूकपटाची प्रत निवडताना तिचा वेग सुधारलेला आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे.

ध्वनी : संवाद का कळत नाहीत

जुन्या चित्रपटातील संवाद अस्पष्ट आहेत, अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुधा ध्वनिमुद्रणाइतकाच सभागृहाचाही असतो. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. ९ मीटर लांबीच्या सभागृहात पडद्याजवळून निघालेला शब्द मागच्या भिंतीवर आपटून पुढच्या रांगेपर्यंत परत येतो तेव्हा त्याने सुमारे १८ मीटर अंतर कापलेले असते आणि त्याला सेकंदाच्या विसाव्या भागाहून थोडा अधिक उशीर झालेला असतो. याहून कमी उशिराने येणारा प्रतिध्वनी मूळ शब्दात मिसळून त्याला बळ देतो. अधिक उशिराने येणारा पुढच्या अक्षरावर आदळतो आणि दोन्ही अक्षरे पुसट करतो. मागच्या भिंतीवर जाड पडदा लावणे हा यावरचा स्वस्त उपाय होय, आणि उघडी कपाटे पुस्तकांनी भरलेली असतील तर तीही हे काम चांगले करतात, कारण पुस्तकांच्या असमान कडा ध्वनी विखुरतात व कागद तो शोषतो.

त्या काळच्या चित्रपटांचा ध्वनी एकमार्गी, म्हणजे एकाच ठिकाणाहून येईल अशा बेताने मुद्रित केलेला असतो. म्हणून स्पीकर चारी कोपऱ्यांत न लावता पडद्यालगत, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीहून थोडे वर ठेवावेत. आवाजाची चाचणी रिकाम्या सभागृहात घेतली असेल, तर प्रेक्षक आल्यावर ती पुन्हा घ्यावी लागते, कारण माणसांचे कपडेही ध्वनी शोषून घेतात.

प्रास्ताविक

चित्रपटापूर्वीच्या प्रास्ताविकाचे काम विरजणासारखे असते. दुधाला ते चमचाभर पुरते, आणि जास्त पडले तर दही आंबट होते. पाच ते सात मिनिटांच्या प्रास्ताविकात तीन गोष्टी पुरेशा आहेत : चित्रपट कोणत्या काळात आणि कोणी केला, आजच्या प्रेक्षकाला खटकू शकेल असे त्यात काय आहे, आणि कोणत्या एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. कथानक सांगू नये, थोरवीही सांगू नये. ‘हा महान चित्रपट आहे’ असे आधीच ऐकलेला प्रेक्षक स्वतःचे मत बोलून दाखवायला कचरतो.

‘कुंकू’च्या प्रास्ताविकात असा एकच धागा द्यायचा झाला, तर तो ध्वनीचा देता येईल. या चित्रपटात पार्श्वसंगीत, म्हणजे प्रसंगाची भावना ठसवण्यासाठी बाहेरून जोडलेले संगीत, वापरलेले नाही. जे ऐकू येते ते त्या घरातून, रस्त्यावरून किंवा ग्रामोफोनसारख्या पडद्यावरच्या वस्तूतून येते. ‘आवाज कुठून येतो याकडे कान ठेवा,’ एवढे सांगितले तरी पुरे. मग शांता आपटे यांनी उभी केलेली नीरा आणि केशवराव दाते यांनी साकारलेले तिचे वयस्क वकील पती काकासाहेब यांच्यातील अबोला प्रेक्षक नुसता पाहत नाही, तर ऐकूही लागतो.

चर्चेची पायरी-पायरी

चित्रपट संपताच ‘कसा वाटला?’ असे विचारले की ‘छान’, ‘जुन्या काळचा आहे’ अशी दोन-तीन उत्तरे येतात आणि चर्चा तिथेच संपते. याचे कारण असे की हा प्रश्न थेट निकाल मागतो, आणि निकाल देण्याआधी माणसाला जे साहित्य हाताशी लागते ते अजून कुणीच समोर मांडलेले नसते. म्हणून प्रश्नांचा क्रम चार पायऱ्यांनी चढता ठेवावा.

पहिली पायरी ‘काय दिसले, काय ऐकू आले?’ ही होय. तिला चूक-बरोबर नसल्यामुळे लाजरा सभासदही तिच्यावर बोलू शकतो. दुसरी पायरी ‘ते कसे दाखवले?’ ही. पार्श्वसंगीत नसल्यामुळे कोणता प्रसंग अधिक अस्वस्थ करतो, हा प्रश्न या पायरीचा आहे. तिसरी पायरी ‘असे का केले असावे?’ ही. नीराच्या बाजूने रडायला लावणारे सूर घातले असते तर तिच्याविषयी नुसती कणव वाटली असती की तिचा निश्चयही एवढाच कळला असता, यावर दोन मते संभवतात आणि खरी चर्चा इथे सुरू होते. चौथी पायरी ‘आपल्याला ते पटते का?’ ही. काकासाहेबांचा शेवटचा निर्णय नीराला मोकळे करतो की तिच्यावर आणखी एक ओझे टाकतो, असा प्रश्न या टप्प्यावर विचारला तर उत्तरे चित्रपटातील दृश्यांच्या आधाराने येतात. हाच प्रश्न आरंभी विचारला असता, तर प्रत्येकाने आपापली जुनी मते पुन्हा सांगितली असती.

चर्चा चालवणाऱ्याने स्वतः कमी बोलावे, पहिल्या फेरीत कुणालाही दोनदा संधी देऊ नये आणि एखादे विधान अधांतरी राहिले तर ‘हे चित्रपटात कुठे दिसले?’ असे सौम्यपणे विचारावे. हा एक प्रश्न चर्चेला भाषण होऊ देत नाही, आणि मतभेद झाले तरी ते माणसांवर न घसरता दृश्याभोवती राहतात. ‘कुंकू’सारखा अडीच तासांहून मोठा चित्रपट असेल तर मध्यंतर द्यावे आणि चर्चा ४० मिनिटांत आटोपावी, दमलेल्या प्रेक्षकांना थांबवून धरण्यापेक्षा आठवड्याभराने स्वतंत्र बैठक ठेवणे बरे.

चौकट : थोडक्यात

- चित्रपट निवडताना त्याच्याशी नाते असलेले पुस्तक वाचनालयात आहे का, हे पाहावे. शक्यतो मालिका आखावी.
- चित्रपटाच्या प्रकाशनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजावीत; मुदत शिल्लक असेल तर लेखी परवानगी घ्यावी.
- आधी अंधार, मग प्रोजेक्टर. चित्र बेताचे ठेवावे.
- ४ : ३ ची चौकट ताणू नये आणि कापू नये.
- स्पीकर पडद्यालगत, मागच्या भिंतीवर पडदा. ध्वनीची चाचणी प्रेक्षक आल्यावर पुन्हा.
- प्रास्ताविक पाच ते सात मिनिटांचे, त्यात पाहण्यासाठी एकच धागा.
- चर्चेचा क्रम : काय, कसे, का, पटते का.

कार्यक्रमानंतर वाचनालयाचे काम

चित्रपटगृहाचे काम दिवे लागले की संपते; वाचनालयाचे तिथून पुढेही चालते. संबंधित पुस्तके दाराजवळच्या टेबलावर मांडून तिथेच देवघेवीची नोंद करावी, म्हणजे चर्चेत जागे झालेले कुतूहल घरी जाईपर्यंत विरत नाही. त्याहून मोलाचे काम नोंदींचे आहे. अशा बैठकांत वयस्क सभासदांकडून जत्रेतील तंबूच्या सिनेमाची, गावातील बंद पडलेल्या चित्रपटगृहाची, चित्रपटाबरोबर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिकांची माहिती सहज निघते. ही माहिती क्वचितच छापली जाते आणि सांगणारी पिढी सरली की ती कायमची जाते. ग्रंथपालाने सांगणाऱ्याच्या संमतीने ती तारीखवार लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवली आणि सभासदांच्या घरी पडून असलेल्या पुस्तिका व जाहिराती संग्रहासाठी मागून घेतल्या, तर काही वर्षांत त्या गावाच्या चित्रपट पाहण्याचा इतिहास वाचनालयात उभा राहतो. चित्रपटांच्या प्रती जतन करण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर संस्था आहेत. ते चित्रपट ज्यांनी पाहिले त्या प्रेक्षकांचा अनुभव जतन करणारी संस्था मात्र गावोगावच्या वाचनालयाखेरीज दुसरी संभवत नाही, आणि हे काम त्याच्या मूळ कर्तव्यातच मोडते.